विश्लेषण : दरबार सोडला, तिकीट लावले... विष्णु दिगंबर पलुस्करांनी गवयाच्या कमाईची वाट कशी बदलली?

शहापूर तालुक्यातील डोळखांब परिसरात असो की शेजारच्या मुरबाडमध्ये, लग्नसराई आटोपली की बँजोवाला, ढोलकीवाला, भजनात गाणारा बुवा अशा सगळ्यांपुढे एकच प्रश्न उभा राहतो. पुढची सुपारी कुठून येणार? हळद, गणपती, नवरात्र, सप्ताह या दिवसांत हाताला काम असते. एरवी फोन वाजण्याची वाट पाहायची. एकट्याने गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचे पोट दुसऱ्याच्या बोलावण्यावर चालते, हे आजचे नाही. सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी कुरुंदवाडच्या एका कीर्तनकाराच्या अधू डोळ्यांच्या मुलाने नेमक्या याच प्रश्नाला हात घातला. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर हे त्याचे नाव. दरबाराचा आधार सोडून त्यांनी अनोळखी गावांत तिकीट लावून गाणे केले, शाळा काढल्या, पुस्तके छापली, कर्जही काढले आणि त्या कर्जात सारे गमावलेही. त्यांची ही कहाणी आजच्या कलाकारालाही ओळखीची वाटेल.

विष्णु दिगंबर कोण होते?

त्यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड संस्थानात, आताच्या कोल्हापूर जिल्ह्यात झाला. मूळ आडनाव गाडगीळ. पलूस गावावरून पलुस्कर झाले. वडील दिगंबर गोपाळ कीर्तनकार होते. त्यामुळे अभंग, पदे, टाळ-मृदंग घरातच होते. मात्र मुलाने गवई व्हावे असे काही ठरलेले नव्हते. तो शाळेत जात होता आणि शिकून नोकरीला लागला असता.

दत्तजयंतीच्या उत्सवात दारूकाम सुरू असताना त्याच्या चेहऱ्याजवळ स्फोट झाला आणि दोन्ही डोळ्यांना इजा झाली. मिरजेत उपचार झाले, पण दृष्टी अधू राहिली. लिहिण्यावाचण्याचा मार्ग बंद झाला. मुलाचा गळा चांगला आहे, त्याला गाणे शिकवावे, असे ठरले ते या अपघातानंतर. म्हणजे ज्यांनी पुढे गाण्याला प्रतिष्ठेचा व्यवसाय बनवले, ते स्वतः दुसरा इलाज उरला नाही म्हणून गाण्याकडे आले होते.

मिरज संस्थानात तेव्हा पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते. ग्वाल्हेरला जाऊन तिथली ख्यालगायकी महाराष्ट्रात आणणारे बुवा म्हणून त्यांचे नाव होते. मिरजेच्या अधिपतींच्या आश्रयाने विष्णु त्यांच्याकडे शिकू लागला. वर्षानुवर्षे पहाटेपासून रियाज, गुरूची सेवा आणि पुन्हा रियाज असा क्रम चालला. १८९६ पर्यंत विशीतला विष्णु तयार गवई झाला होता.

त्या काळी गवयाला पैसे कसे मिळत?

मार्ग मोजके होते. पहिला दरबाराचा. संस्थानिकाने ठेवून घेतले तर महिन्याचा पगार, सणासुदीला शालजोडी, पाहुणे आले की बिदागी. अल्लादिया खाँसाहेब कोल्हापुरात शाहू महाराजांच्या दरबारी होते ते याच पद्धतीने. पोटाची चिंता मिटे, पण गाणे मालकाच्या मर्जीवर. राजा बदलला किंवा त्याची मर्जी फिरली की नवा आश्रय शोधावा लागे.

दुसरा मार्ग श्रीमंतांच्या घरच्या बैठकीचा. पेढीवाले, सावकार, वकील गाणे ठेवत. किती द्यायचे हे यजमान ठरवी आणि गवयाने भाव करणे शोभत नसे. तिसरा मार्ग देवळाचा आणि कीर्तनाचा. तिथे आरतीच्या ताटात पडेल ती दक्षिणा. चौथा नाटक कंपनीचा. तिथे पगार होता, पण कंपनीचे बंधनही होते. गायिकांच्या बैठकींनाही श्रोते आणि पैसा होता, मात्र समाजाने त्यांच्या कलेला कधी मान दिला नाही.

या साऱ्यात एक गोष्ट समान होती. ऐकणारा आणि पैसे देणारा यांची भेट गवयाच्या हातात नव्हती. शिवाय विद्या हेच भांडवल असल्याने उस्ताद आणि बुवा ती सहजासहजी कोणाला देत नसत. चीज दुसऱ्याच्या गळ्यात गेली की आपली बैठक गेली, ही भीती खोटी नव्हती.

मिरज का सोडली?

चरित्रकार एक प्रसंग सांगतात. मिरजेत एका सार्वजनिक कार्यासाठी गावातील प्रतिष्ठितांना बोलावणे गेले. दरबाराच्या मर्जीतला म्हणून विष्णूलाही आमंत्रण होते. पण त्याच्या गुरूला, बाळकृष्णबुवांना नव्हते. कारण विचारल्यावर उत्तर मिळाले ते असे की ते तर गाणारे. ज्या गुरूपुढे तो मान खाली घालून बसत होता, त्याची गावातली किंमत त्या उत्तराने कळली.

१८९६ मध्ये त्याने मिरज सोडली. पगार, आश्रय, ओळखीचे गाव असे सगळे सुटले. सोबत एक-दोन सहकारी, तंबोरा आणि अधू डोळे. पुढच्या मुक्कामी कोण गाणे ठेवील याची खात्री नव्हती. आजच्या भाषेत सांगायचे तर पक्की नोकरी सोडून हा तरुण स्वतंत्र कलाकार झाला होता.

तिकीट लावण्याचा प्रयोग कुठे झाला?

सुरुवात जुन्याच मार्गाने झाली. बडोद्यात राजघराण्याने त्यांचे गाणे ऐकले, सन्मान केला. तिथे राहून दरबारी गवई होता आले असते. पण विष्णु दिगंबर पुढे काठियावाडात गेले. राजकोटला १८९७ च्या सुमारास त्यांनी शास्त्रीय गायनाचा जाहीर कार्यक्रम केला. तिकीट काढील त्याला प्रवेश. रागदारी गायनाची ही पहिली जाहीर मैफल मानली जाते.

आज यात नवल वाटत नाही. नाटकाला तिकीट काढण्याची सवय लोकांना तेव्हाही होती; विष्णुदास भाव्यांनी मुंबईत १८५३ मध्येच तिकीट लावून नाटके केली होती. पुण्यात १८७४ मध्ये गायन समाज स्थापन झाला होता. मात्र एकट्या गवयाने तंबोरा घेऊन बसावे आणि अनोळखी माणसांनी त्यासाठी आधी पैसे मोजावे, हे नवे होते. नाटकात पडदे, पोशाख, गोष्ट असे. इथे फक्त गळा होता.

तिकिटाने तीन गोष्टी बदलल्या. पहिली, किंमत आधी ठरली. यजमानाच्या लहरीवर सोडलेली बिदागी आणि दारावर लिहिलेला दर यांत मोठा फरक असतो. दुसरी, एका श्रीमंताऐवजी अनेक साध्या माणसांनी मिळून गवयाचा खर्च उचलला. शिक्षक, कारकून, दुकानदार यांना घरी बैठक ठेवणे परवडत नव्हते. एक तिकीट परवडत होते. तिसरी, पैसे देऊन आलेल्या श्रोत्याची जबाबदारी गवयावर आली.

ती जबाबदारी त्यांनी ओळखली. कार्यक्रम वेळेवर सुरू करायचा, नीटनेटक्या पोशाखात बसायचे, व्यसन दूर ठेवायचे, ऐकणाऱ्याला समजेल असे गायचे. रात्रभर रंगणाऱ्या बैठकीची सवय नसलेला नवा श्रोता बेताच्या वेळेत गाणे ऐकून समाधानाने घरी जावा, ही त्यांची दृष्टी होती. शृंगाराचे शब्द असलेल्या अनेक बंदिशींना त्यांनी भक्तीचे शब्द दिले आणि शेवटी भजन गायचे ठेवले. कीर्तनकाराच्या मुलाला गर्दी कशी बसते आणि कधी उठते, हे घरातूनच माहीत होते.

गाणी मिळत होती, मग शाळा कशाला?

काठियावाडातून ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली, जालंधर असा प्रवास करत ते पंजाबात पोहोचले. मथुरेत त्यांनी ब्रजभाषा आत्मसात केली. उत्तरेत गायचे तर बंदिशींची भाषा अंगी मुरायला हवी होती. जागोजागी मैफली होत होत्या, पैसेही मिळत होते.

पण फिरत्या गवयाची अडचण त्यांना दिसली. गाव सोडले की तिथली कमाई संपते. पुन्हा नवे गाव, नवी ओळख, नवी खटपट. गळा बसला, आजार आला की उत्पन्न शून्य. आणि ज्यांना गाणे कळत नाही ते एकदा कुतूहलाने तिकीट काढतील, दुसऱ्यांदा काढतीलच असे नाही. गाणे विकायचे तर आधी गाणे कळणारा माणूस तयार व्हायला हवा.

म्हणून ५ मे १९०१ रोजी लाहोरमध्ये त्यांनी गांधर्व महाविद्यालय सुरू केले. राजाच्या मालकीची नसलेली, लोकांच्या फीवर आणि देणग्यांवर चालणारी संगीताची शाळा. महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर, परक्या भाषेच्या शहरात. सुरुवातीचे काही दिवस विद्यार्थीच आले नाहीत, असे सांगतात. वेळापत्रकाप्रमाणे शाळा उघडायची, एकट्याने रियाज करायचा, वेळ झाली की बंद करायची, असा क्रम त्यांनी सोडला नाही. हळूहळू मुले येऊ लागली. पुढे स्त्रियांसाठीही वर्ग निघाले.

या शाळेची रचना कशी होती?

दोन प्रकारचे विद्यार्थी होते. एक फी भरून ठरावीक तास शिकणारे. त्यांना गवई व्हायचे नव्हते. पण त्यांच्यातून श्रोते घडत. दुसरे गरीब घरांतील गुणी मुलगे. त्यांना राहणे-जेवण आणि शिक्षण मोफत मिळे. बदल्यात अनेक वर्षे संस्थेत राहून शिकण्याचा आणि शिकवण्याचा करार असे. हे उपदेशक पुढे गावोगाव जाऊन संगीताचे वर्ग काढतील, अशी योजना होती. म्हणजे श्रोता आणि शिक्षक दोन्ही एकाच छपराखाली तयार होत होते.

शिकवायचे तर वही हवी. त्यांनी स्वतःची स्वरलेखन पद्धत बसवली. ‘संगीत बालप्रकाश’, ‘रागप्रवेश’ अशी क्रमिक पुस्तके काढली, ‘संगीतामृत प्रवाह’ हे मासिक चालवले. संस्थेचा छापखाना होता, वाद्ये तयार आणि दुरुस्त करण्याचीही सोय होती. पुस्तक, वाद्य, वर्ग, परीक्षा आणि मैफल असे पाच झरे एकमेकांना पाणी देत राहावेत, असा तो हिशेब होता. याच काळात पं. विष्णु नारायण भातखंडे यांनीही चिजा जमवून वेगळी स्वरलिपी रूढ केली. पण ते वकील होते, गाण्यावर त्यांचे पोट नव्हते. विष्णु दिगंबरांचे होते.

हिशेब कुठे चुकला?

१९०८ मध्ये गांधर्व महाविद्यालय मुंबईत सुरू झाले आणि तेच मुख्य केंद्र बनले. विद्यार्थी वाढले, समारंभ होऊ लागले, संगीत परिषदा भरल्या. भाड्याच्या जागेत हे मावेना. स्वतःची इमारत बांधायचे ठरले आणि त्यासाठी मोठे कर्ज काढले गेले.

इथे एकट्या कलाकाराच्या व्यवसायाची जुनी दुखरी नस दिसते. फी, पुस्तके, वाद्ये यांतून रोजचा खर्च कसाबसा भागे. कर्जाचा हप्ता मात्र बुवांच्या मैफलींतून आणि देणग्यांतून उभा राहत होता. मोफत शिकणाऱ्या मुलांचे जेवण-खाण वेगळेच. म्हणजे पाच झरे दिसत असले तरी विहीर एकच होती, ती म्हणजे त्यांचा गळा. त्यांनी दौऱ्यावर राहिले तरच पैसे येत. आणि ते दौऱ्यावर असले की संस्थेकडे लक्ष देणारे कोणी नसे.

त्यातच त्यांचे मन रामभक्तीकडे अधिकाधिक वळले. रामचरितमानसावर प्रवचने, रामनामाचा गजर, नाशिकचा आश्रम यांत ते रमले. मैफलीचे उत्पन्न कमी झाले, व्याज थांबले नाही. अखेर १९२४ च्या सुमारास कर्जापायी मुंबईची इमारत लिलावात गेली. ज्या माणसाने गवयाला दुसऱ्याच्या दारातून बाहेर काढले, त्याचे स्वतःचे दार सावकारीत गेले.

त्यानंतर ते गप्प बसले का?

नाही. नाशिक हे त्यांचे मुक्कामाचे ठिकाण झाले आणि तिथून कीर्तन-प्रवचनांसाठी प्रवास चालू राहिला. राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनांत ‘वंदे मातरम्’ गाण्याचा मान त्यांच्याकडे असे. १९२३ च्या काकीनाडा अधिवेशनात अध्यक्ष मौलाना मोहम्मद अली यांनी व्यासपीठावर संगीत नको अशी हरकत घेतली, तेव्हाही विष्णु दिगंबरांनी गाणे पूर्ण केले. ‘रघुपति राघव राजाराम’ या धूनीची लोकप्रिय चाल त्यांच्या नावावर सांगितली जाते. त्यांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे गांधीजींच्या आश्रमात संगीत शिकवत. १९३० च्या दांडीयात्रेत तेही चालले.

२१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत विष्णु दिगंबरांचे निधन झाले. जिथून पस्तीस वर्षांपूर्वी बाहेर पडले, तिथेच शेवट झाला. मागे इस्टेट नव्हती. मुलगा दत्तात्रेय जेमतेम दहा वर्षांचा होता.

टीका कोणती होते?

त्यांच्या कामाचे दुसरे अंगही अभ्यासकांनी मांडले आहे. गाणे मध्यमवर्गाच्या घरात नेण्यासाठी त्यांनी त्याला भक्तीचा, शिस्तीचा पोशाख दिला. त्यात ज्या मुस्लिम उस्तादांनी आणि ज्या गायिकांनी पिढ्यान्पिढ्या ही विद्या जपली होती, त्यांचे स्थान मागे सरकले. सभ्य श्रोत्यांसाठी नवे दार उघडताना जुन्या घरातल्या काहींना बाहेर राहावे लागले, ही ती टीका. पाठ्यपुस्तकाने गवई घडत नाही, असाही आक्षेप आला.

तरी नव्या वाटेवर चालणारे ते एकटे नव्हते. त्यांच्याच वर्षी, १८७२ मध्ये जन्मलेले किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांनीही बडोद्याचा आश्रय सोडला, मिरज-पुण्याकडे विद्यालय चालवले, जाहीर जलसे केले आणि ध्वनिमुद्रिकाही काढल्या. १९३७ मध्ये दक्षिणेत दौऱ्यावर असताना एका रेल्वे स्थानकावरच त्यांचे निधन झाले. त्यांची मुलगी हिराबाई बडोदेकर यांनी स्त्री कलाकारासाठी तिकिटाच्या जाहीर मैफलीची वाट रुळवली.

इमारत गेली, मग उरले काय?

उरले ते शिष्य. निधनानंतर काही महिन्यांतच, १९३१ मध्ये, ते अहमदाबादला जमले आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना झाली. या वेळी एका माणसाच्या गळ्यावर आणि एका इमारतीवर भार ठेवला नाही. अभ्यासक्रम आणि परीक्षा मंडळाच्या. वर्ग ज्याचे त्याचे. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही नावे आज खेड्यातल्या पेटी शिकणाऱ्या मुलालाही माहीत आहेत, ती या रचनेमुळे.

शिष्यांनी कमाईचे वेगवेगळे मार्ग धरले. विनायकबुवा पटवर्धन काही काळ बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत होते. १९३२ मध्ये त्यांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. बा. र. देवधर यांनी मुंबईत १९२५ मध्येच स्वतःची शाळा काढली होती; कुमार गंधर्व तिथेच शिकले. नारायणराव व्यासांचे गाणे ध्वनिमुद्रिकांतून घरोघरी गेले. शंकरराव व्यासांनी ‘रामराज्य’ (१९४३) या चित्रपटाला संगीत दिले. ओंकारनाथ ठाकूर मैफली गाजवत बनारस हिंदू विश्वविद्यालयात संगीताचे प्रमुख झाले. आणि तो दहा वर्षांचा मुलगा, द. वि. पलुस्कर, मोठा गवई झाला. ‘बैजू बावरा’मध्ये (१९५२) अमीर खाँ यांच्यासोबत त्यांचा आवाज आहे. १९५५ मध्ये अवघ्या चौतिसाव्या वर्षी ते गेले.

आजच्या कलाकारासाठी यात काय आहे?

मुंबईहून नाशिकला जाणारी रेल्वे डोळखांबच्या लोकांच्या आसनगाव स्थानकावरूनच जाते. विष्णु दिगंबरांच्या आयुष्याची उत्तरार्धातली दोन टोके, लिलावात गेलेली मुंबईची इमारत आणि नाशिकचा आश्रम, याच मार्गाने जोडलेली होती. त्या टोकांमध्ये गावच्या कलाकाराने घेण्यासारखे बरेच आहे.

सुपारी घेताना दर आधी ठरवणे, विसार घेणे, वेळेवर उभे राहणे यात कमीपणा नाही. दारावर दर लावून गाणाऱ्या गवयाने ते दाखवले. हंगाम नसताना पोरांना ढोलकी-पेटी शिकवणे हे पडत्या काळाचे काम नाही. त्यातून थोडे नियमित उत्पन्न मिळते आणि उद्याचा श्रोताही घडतो. एका यजमानापेक्षा अनेकांच्या छोट्या पैशावर उभे राहणे अधिक टिकाऊ ठरते. आणि सर्वांत महाग पडलेला धडा कर्जाचा. साऊंड सिस्टीम असो की गाडी, हप्ता जर एकट्याच्या गळ्यावर किंवा हातांवर उभा असेल, तर एका आजारपणात सगळे कोसळते.

मिरजेत गुरूला आमंत्रण नाकारले गेले, ते गाणारा म्हणून. भारत सरकारने १९७३ मध्ये त्या गुरूच्या शिष्याच्या नावाने टपाल तिकीट काढले. मधल्या काळात गाणाऱ्याची किंमत वाढली, ती विष्णु दिगंबरांसारख्यांनी मोजलेल्या दामामुळे. आज हळदीच्या रात्री गाऊन पाकीट घेणाऱ्या पोराला घरच्यांनी विचारले की यात पोट भरेल का, तर तो प्रश्न जुनाच आहे. फरक इतकाच की आता त्याला उत्तर देताना लाज बाळगावी लागत नाही.